खांदेरीच्या लढाईतला केजविन: दर्यावर्दी की शिपाईगडी?

जलदुर्गवेडा

नमस्कार मंडळी.

मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटाबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं त्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या समोरच्या बाजूला एक नाव हमखास येतं: कॅप्टन केजविन. ते एका वाक्यात येतं आणि पुढच्या वाक्यात नाहीसं होतं. आपल्याला तो फक्त 'रिव्हेंज' जहाजावरचा इंग्रज म्हणून माहीत असतो. गेले काही महिने मी या माणसाच्या मागे लागलो आहे आणि जे हाती आलं ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही. माझा मूळ प्रश्न साधा होता. खांदेरीला आरमाराचं नेतृत्व करणारा हा माणूस इंग्रजी कागदपत्रांत मुंबईच्या शिबंदीचा आणि घोडदळाचा अधिकारी म्हणून का येतो? घोडदळाचा माणूस जहाजावर गेला कसा?

उत्तर उलटं निघालं. तो मुळात जहाजावरचाच. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा समुद्रात घुसलेला सुळका आहे, तिथला हा रिचर्ड केजविन. राजाच्या आरमारात अधिकारी झाला. 1673 च्या सुरुवातीला डचांनी दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट इंग्रजांकडून जिंकून घेतलं. त्याच वर्षी मे महिन्यात रिचर्ड मंडन या कप्तानाने ते परत घेतलं. त्या मोहिमेत जमिनीवरून हल्ला करायला जी दोनशे माणसं उतरवली त्यांचं नेतृत्व केजविनकडे होतं. जिथे उतरले तिथे उभा कडा. एका गड्याने दोर घेऊन तो कडा चढायचा, वर दोर बांधायचा आणि बाकीच्यांनी त्यावरून चढायचं. खालून सगळे त्याला ओरडून सांगत होते, 'घट्ट धर, टॉम!' त्या कड्याला आजही त्याच अर्थाचं नाव आहे. वाट दाखवायला ऑलिव्हर नावाचा एक काळा गुलाम होता, त्याला बेटाची खडान्‌खडा माहिती. केजविनची माणसं किल्ल्याच्या डोक्यावर पोचेपर्यंत समुद्रावरून मंडनच्या तोफांनी काम केलं होतं आणि डचांनी शरणागती पत्करली होती. मंडन परत गेला, केजविनला बेटाचा गव्हर्नर म्हणून मागे ठेवून.

तिथून 1676 मध्ये तो मुंबईला आला. मुंबई तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीकडे येऊन आठच वर्षं झाली होती. सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला नांगर टाकून बसायचं, महाराजांना ते खुपायचं आणि इंग्रज दोघांच्या मध्ये सापडलेले. केजविनकडे शिबंदी आली आणि छोटं घोडदळही. चाळीसेक स्वारांचं. दर्यावर्दी माणूस, आता घोड्यावर.

मग 1679. ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तटबंदीचं काम सुरू झालं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं पाठवली. सप्टेंबरात थॉर्प नावाच्या लेफ्टनंटने बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो जिवानिशी गेला. त्यानंतर केजविनला आरमारावर पाठवलं. 18 ऑक्टोबरला पहाटे दौलतखान साठेक गलबतं घेऊन किनाऱ्याकडून चालून आला. इंग्रजांकडे लहानमोठी धरून सात-आठ जहाजं, त्यातली बरीचशी भाड्याची शिबाडं, म्हणजे मालवाहू गलबतं. नांगर उचलायलाही धड वेळ मिळाला नाही. 'डव्ह' नावाची गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, मराठ्यांनी पकडली, बाकीची पांगली. एकटी रिव्हेंज उभी राहिली. तिच्यावर केजविन आणि मिंचिन होते. त्यांनी गलबतं अगदी जवळ येऊ दिली आणि मग तोफा-बंदुका डागल्या. इंग्रजी हकिकतीप्रमाणे पाच गलबतं बुडाली आणि उरलेली उथळ पाण्याकडे परतली.

इंग्रज या दिवसाला विजय म्हणतात. पण वेढ्याचा हेतू होता खांदेरीची रसद तोडण्याचा, आणि ती कधीच तुटली नाही. लढाईनंतरही छोट्या होड्या रात्री बेटावर दाणागोटा, दारूगोळा पोचवत राहिल्या. जानेवारी 1680 मध्ये इंग्रज माघारी गेले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

केजविनला याचं बक्षीस काय मिळालं? कंपनीने खर्च कमी करायचा म्हणून त्याची जागाच काढून टाकली. तो इंग्लंडला गेला आणि 1681 मध्ये पुन्हा मुंबईला आला, या वेळी शिबंदीचा कॅप्टन-लेफ्टनंट म्हणून. 27 डिसेंबर 1683 ला त्याने मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर वॉर्ड याला कैद केलं आणि कंपनीचा अंमल संपल्याचं जाहीर करून मुंबई इंग्लंडच्या राजाच्या नावाने ताब्यात घेतली. जवळजवळ 11 महिने हा माणूस मुंबईचा गव्हर्नर होता. त्या काळात त्याने संभाजी महाराजांकडे वकील पाठवून तह केला! खांदेरीला ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याशीच. सिद्दीला मात्र मुंबईच्या बंदरात पूर्वीसारखा थारा दिला नाही.

नोव्हेंबर 1684 मध्ये माफीच्या अटीवर त्याने मुंबई सर थॉमस ग्रँथमच्या हवाली केली. इंग्लंडला परत गेला, पुन्हा राजाच्या आरमारात दाखल झाला, जहाजाचा कप्तान झाला. जून 1690 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावर फ्रेंचांविरुद्ध खलाशांची पलटण घेऊन तो जमिनीवर उतरला आणि त्या हल्ल्यातच पडला. आरमारी कप्तानाला मरण आलं ते पायदळाच्या पुढे चालताना.

आता तुम्ही सांगा. याला काय म्हणायचं? आणि आपल्याकडे असे दोन्हीकडे वावरलेले कोण कोण?

गडफिरस्ता

टॉमचा दोर वाचून थेट कोंढाणा आठवला. तानाजी मालुसरे द्रोणागिरीचा कडा चढले ते फेब्रुवारी 1670, म्हणजे सेंट हेलेनाच्या तीनच वर्षं आधी. घोरपडीची दंतकथा बाजूला ठेवली तरी काम तेच, रात्रीचा कडा आणि दोर. दोन्ही ठिकाणी पहिल्या चढणाऱ्याच्या हिमतीवर बाकीच्यांचा जीव. सुंदर धागा, दादा. पुढचं लवकर लिहा.

बखरवाचक

माहिती चांगली जमवली आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा माणूस आपल्या आरमारावर तोफा डागणारा. त्याच्या शौर्याचं वर्णन करताना मायनाक भंडारीला तुम्ही अर्धं वाक्य दिलंत. मायनाकाने त्या खडकावर काय केलं ते आधी पाहा. हाताशी शे-दीडशे माणसं, तोफा मोजक्या. एका बाजूने इंग्रज, पुढे नोव्हेंबरात सिद्दीही येऊन मिळाला. पाणी, धान्य, चुना, दगड सगळं होडीतून आणायचं. अशा स्थितीत तो किल्ला बांधतही होता आणि लढवतही होता. जमीन आणि समुद्र दोन्ही सांभाळलेला माणूस शोधायचा तर तो इथेच आहे, कॉर्नवॉलला जायची गरज नाही.

आणि तह केला म्हणून केजविन आपला मित्र झाला असं नाही. कंपनी त्याच्यावर उलटणार हे त्याला दिसत होतं. पाठीशी कोणी हवं म्हणून त्याने रायगडाकडे वकील पाठवला. गरजेचा तह होता.

जलदुर्गवेडा

राग कसला, बखरवाचक. मायनाकावर मी अर्धं वाक्य लिहिलं ही चूकच झाली. त्यांच्यावर मुळात लिहिलेलंच थोडं सापडतं हे दुखणं आहे. इंग्रजांनी रोजच्या रोज पत्रं लिहिली आणि ती जपली, त्यामुळे केजविनने काय केलं ते तारखेनिशी कळतं. मायनाकाचं कळतं तेसुद्धा शत्रूच्या पत्रांतून. म्हणूनच मला शत्रूचा माणूस नीट समजून घ्यावासा वाटतो. तो किती कसलेला होता हे कळलं की समोर उभ्या राहिलेल्यांचं मोल कळतं. कडा चढून बेट घेतलेला अधिकारी खांदेरीसमोर अडीच-तीन महिने होता आणि त्याला बेटावर पाय रोवता आला नाही.

तह गरजेचा होता हे मान्य. पण कंपनीच्या नोकरांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते त्याने काही महिन्यांत केलं. मराठ्यांशी जमवून घ्यायचं, सिद्दीला दूर ठेवायचं. मुंबई वाचवायची तर हाच मार्ग, हे त्याला खांदेरीच्या पाण्यात कळलं असावं असं माझं मत.

थळकर

मी थळचा. आमच्या घरासमोरून खांदेरी-उंदेरी दिसतात, लहानपणापासून दिसतात. वेताळाच्या दर्शनाला जातो, तो दगडही वाजवून झालाय, भांड्यासारखा टण्ण वाजणारा. इतिहास फार वाचलेला नाही, पण पाण्याचं थोडं सांगू शकतो.

'रसद का तुटली नाही' हे तुम्ही लिहिलंत ना, ते आमच्याकडे कुठल्याही कोळ्याला विचारा. किनाऱ्यापासून बेट पाचेक किलोमीटर. मधल्या पाण्यात खडप आहे, काही दिसतं, काही ओहोटीलाच दिसतं. ज्याचं जहाज खोल बसतं तो रात्री तिथे येणारच नाही, आला तर सकाळी खडकावर असेल. आमची होडी हातभर पाण्यातून जाते. मोठ्या जहाजाला बाहेर खोल पाण्यात उभं राहून पहारा द्यावा लागतो. आतून कोण गेलं ते त्याला अंधारात कळणार कसं? वल्ह्यांचा आवाजसुद्धा लाटेत जातो.

दुसरं वाऱ्याचं. पाऊस सरला की रात्री आणि पहाटे मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी उलट खारा वारा सुटतो. पहाटे किनाऱ्याकडून निघालेल्या माणसाला वारा पाठीशी मिळतो. बाहेर नांगरलेल्या शिडाच्या जहाजाला तोच वारा तोंडावर. त्यात मतलई पडला की मोठं शिड नुसतं लोंबतं, आणि वल्ह्याचं गलबत चालतच राहतं. दौलतखान पहाटे आला यात मला काहीच नवल वाटत नाही. आम्ही पण त्याच वेळी निघतो.

त्या दिवशी भांग होता की उधाण, म्हणजे भरती-ओहोटी कमी होती की जोराची, ते कळलं तर अजून सांगता येईल.

शंकासुर

थळकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर काढता येतं. एक खोच आधी सांगतो. 18 ऑक्टोबर ही तारीख इंग्रजांच्या जुन्या दिनदर्शिकेतली. इंग्लंडने 1752 पर्यंत नवी दिनदर्शिका घेतली नव्हती आणि सतराव्या शतकात फरक 10 दिवसांचा. म्हणजे आजच्या हिशेबाने ती पहाट 28 ऑक्टोबर 1679 ची. सेंट हेलेनाच्या आणि बंडाच्या तारखांनाही हेच लागू.

आता चंद्र. आजच्या ज्ञात अमावास्येपासून चांद्रमासाच्या सरासरीने मागे मोजत गेलो तर त्यानंतरची अमावास्या 3 नोव्हेंबरच्या सुमाराला येते. ती आश्विनातली, म्हणजे दिवाळीची. त्यामुळे लढाईची पहाट आश्विन वद्य अष्टमी-नवमीची, एखादा दिवस इकडेतिकडे. दिवाळी आठवड्यावर आली होती.

थळकर

मग भांगच की! अष्टमीला पाणी भांगाचं. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, पाण्याला ओढ कमी. वल्ही मारणाऱ्याला याहून बरा दिवस नाही. उधाणात साठ गलबतं एका ओळीत ठेवणं कठीण, प्रवाह फरफटवतो. आणि वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, पहाटेला चांगला वर असतो. किनाऱ्यावर अंधारात माणसं चढवायची आणि उजेडात निघायचं. ज्याने तो दिवस निवडला त्याला पाणी कळत होतं.

शंकासुर, मनापासून आभार. हे वाचून अंगावर काटा आला.

तोफखाना

मी तोफखान्यातून निवृत्त. हल्ली फक्त वाचतो, लिहीत नाही, पण धाग्याच्या शेवटच्या प्रश्नाने राहवलं नाही. आपल्या काळातलं असं एक नाव प्रत्येकाला माहीत असायला हवं: कर्नल पृथीपालसिंग गिल.

जन्म 11 डिसेंबर 1920, पतियाळा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरच्यांना न विचारता रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये गेले, कराचीला वैमानिक म्हणून. घरच्यांना धास्ती वाटली की पोरगं विमान कोसळून जाईल. मग ते नौदलात आले. माइनस्वीपरवर, म्हणजे समुद्रातले सुरुंग शोधून काढणाऱ्या जहाजावर काम केलं, 'तीर' जहाजावरही होते. नौदलात असतानाच त्यांना तोफखान्याच्या दीर्घ अभ्यासक्रमाला आपल्या देवळालीला पाठवलं गेलं. तिथे गनरीची गोडी लागली आणि आयुष्याची दिशाच बदलली. आधी लष्करात तात्पुरते, ग्वाल्हेरच्या माउंटन बॅटरीबरोबर, आणि 1951 मध्ये कायमचे. 1965 च्या युद्धात सियालकोट विभागात 71 मीडियम रेजिमेंटचे ते कमांडिंग ऑफिसर होते. पुढे मणिपूरमध्ये उखरूलला आसाम रायफल्सचे सेक्टर कमांडर. 1970 मध्ये निवृत्त. डिसेंबर 2021 मध्ये गेले, तेव्हा 101 वा वाढदिवस आठवड्यावर आला होता. तिन्ही दलांत अधिकारी राहिलेला दुसरा माणूस आपल्याकडे नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की वर्दी बदलली, टोपी बदलली, झालं. तसं नसतं. नौदलातला लेफ्टनंट म्हणजे लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा, इथपासून गोंधळ सुरू होतो. सेवाज्येष्ठता कुठे धरायची, कोणत्या मेसमध्ये कोण आपलं, हे सगळं नव्याने. पण तोफ ही एक गोष्ट दोन्हीकडे ओळखीची असते. जहाजावरच्या तोफेचं गणित अवघड, कारण तुमचा पायाच हलतो आहे. जहाज डोलतं, लक्ष्य सरकतं. जमिनीवर तोफ एका जागी बसते, पण लक्ष्य डोंगरापलीकडे असतं, दिसतच नाही. पुढे बसलेला निरीक्षक सांगेल त्यावर विश्वास ठेवून मारा करायचा. डोलत्या पायावर नेम शिकलेला माणूस जमिनीवर आला की त्याचं गणित पक्कं असतं, शिकायचा असतो तो विश्वास.

माउंटन बॅटरीचं तर वेगळंच जग. 3.7 इंची हॉवित्झरचे भाग सुटे करायचे आणि आठ खेचरांवर लादायचे. डोंगरावर नेऊन पुन्हा जोडायचे, मिनिटांत. जहाजावरून आलेल्या अधिकाऱ्याने खेचरांच्या मागे चालत काश्मीरचा डोंगर चढला असेल त्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. पहिल्या दिवशी त्याला कोणी विचारलं असेल, साहेब, खेचराला घाबरता का? मी देवळालीला शिकलो, शिकवलंही. नौदलाचे अधिकारी वर्गात असले की आम्ही त्यांना जरा जास्तच प्रश्न विचारायचो. ते शांतपणे उत्तरं द्यायचे.

जलदुर्गवेडा, तुमचा केजविन चाळीस स्वारांपुढे पहिल्यांदा घोड्यावर बसला असेल तेव्हा त्या स्वारांनीही त्याला असंच जोखलं असेल.

शंकासुर

काका, छान लिहिलंत. वाचणाऱ्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून एकच भर. 'तीर' हे मूळचं ब्रिटिश आरमाराचं 'बॅन' नावाचं फ्रिगेट. ते आपल्या नौदलाकडे 1945 च्या अगदी शेवटी आलं, म्हणजे महायुद्ध संपल्यावर. पुढे बरीच वर्षं ते प्रशिक्षणाचं जहाज होतं.

तोफखाना

बरोबर. मी युद्धाचं वाक्य आणि जहाजाचं वाक्य जवळजवळ लिहिलं, त्यामुळे तसं वाटलं असेल. धन्यवाद.

देवळालीवरून आणखी एक. इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द देवळालीवरूनच गेला. मायदेशी जाणारे गोरे सैनिक मुंबईहून जहाज मिळेपर्यंत तिथल्या छावणीत पडून असायचे. कित्येक महिने काम नाही, उकाडा, आजार. पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप', त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. समुद्राची वाट बघत जमिनीवर अडकलेले शिपाई. या धाग्यात बसतं म्हणून सांगितलं.

अनघा ल.

मी गेली 14 वर्षं इंग्लंडच्या पश्चिम भागात राहते. सॉमरसेट माझ्या घराजवळ, त्यामुळे रॉबर्ट ब्लेक हे नाव रोजचं. त्याच्याविषयी सांगते, म्हणजे केजविन कुठल्या परंपरेतून आला ते दिसेल.

ब्लेक ब्रिजवॉटरचा. राजा आणि पार्लमेंटच्या यादवीत पार्लमेंटच्या बाजूने जमिनीवर लढला. लाइम आणि टॉन्टन ही दोन गावं त्याने वेढ्यात धरून ठेवली, 1644 आणि 45 मध्ये. समुद्रावरच्या लढाईचा अनुभव नाही. आणि 1649 मध्ये, वयाच्या पन्नाशीला, त्याला आरमारावर नेमलं. पदाचं नाव होतं 'जनरल ॲट सी', समुद्रावरचा सेनापती! ॲडमिरल म्हटलंच नाही. त्याच्या जोडीचा डीन तोफखान्याचा. पुढे त्या ब्लेकने डचांशी आणि स्पॅनिशांशी अशा लढाया जिंकल्या की इंग्रज त्याला नेल्सनच्या पंगतीला बसवतात. राजाच्या बाजूचा प्रिन्स रूपर्ट तर घोडदळाचा नामांकित सरदार, तोही नंतर आरमाराचा प्रमुख झाला.

सांगायचं हे की तेव्हा लढणारा माणूस एकच होता. जहाज चालवणारा खलाशी वेगळा, त्यावर लढणारा वेगळा. लढणाऱ्याला घोडा द्या, किल्ला द्या, जहाज द्या. हे वेगळे पेशे झाले ते हळूहळू, पुढे.

केजविनमध्ये मला फरक दिसतो तो एवढाच की तो दुसऱ्या टोकाने आला. ब्लेक आणि रूपर्ट जमिनीवरून पाण्यात गेले. हा पाण्यातून जमिनीवर आला, आणि पुन्हा पाण्यात गेला.

बखरवाचक

अनघाताई, हेच आपल्याकडे पाहा. कान्होजी आंग्रे. सुवर्णदुर्गावर नाव कमावलेला, सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख. सगळ्यांना तो समुद्रावरचा म्हणूनच माहीत. पण 1713 मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं तेव्हा काय झालं? कान्होजी घाट चढून वर आले, पेशव्यालाच कैद केलं, लोहगड घेतला. साताऱ्याला घोर पडला. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी जाऊन समेट केला आणि कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, किल्ले आणि सरखेली कायम ठेवून. गुराबांच्या मालकाने बोरघाटाच्या तोंडावरचा किल्ला घेतला ही गोष्ट शाळेत कुणी शिकवली नाही आम्हाला.

पहिल्या प्रतिसादात मी जरा तोडून बोललो. थळकर आणि शंकासुर यांचं वाचल्यावर केजविनला समजून घ्यायचा उपयोग पटला. त्याची पहाट कळली म्हणून दौलतखानाची पहाट कळली.

गडफिरस्ता

बंडाबद्दल अजून लिहा ना. त्याने असं केलं का? आणि एवढं करून फाशी कशी नाही झाली?

जलदुर्गवेडा

कारणं पैशाची आणि भीतीची. लंडनमध्ये कंपनीचा कारभार जोशाया चाइल्डच्या हाती, सुरतेला जॉन चाइल्ड. दोघांचंही एकच धोरण, खर्च छाटा. शिबंदी कमी केली, पगार कापले, अधिकाऱ्यांच्या जागा रद्द केल्या. मुंबईच्या दारात मराठे आणि सिद्दी, आणि तटावर उभं राहायला माणसं नाहीत. हे सुरतेला बसून दिसत नाही, तटावर उभं राहिलं की दिसतं. वॉर्ड हा जॉन चाइल्डचा नातलग, त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे? लंडनमध्येही कंपनी आणि सुरतेलाही कंपनी. वर उरला फक्त राजा.

मला सगळ्यात जास्त भावलं ते पुढचं. बंडवाल्यांच्या हाती कंपनीचं सोनं लागलं होतं. ते त्यांनी वाटून घेतलं नाही. मुंबईच्या रक्षणाशिवाय त्याला हात लावायचा नाही असं ठरवून किल्ल्यात ठेवलं, आणि ग्रँथम आला तेव्हा हिशेबासह परत गेलं. बेट सोडताना रक्त सांडलं नाही. सगळ्यांना माफी, हीच मुख्य अट होती आणि ती राजाच्या नावाने मिळाली. राजाच्या विरुद्ध तो गेलाच नव्हता, म्हणून मान वाचली. इतकंच काय, पुन्हा आरमारात जहाज मिळालं.

आता माझं म्हणणं. अनघाताईंनी लढणारा माणूस एकच होता असं सांगितलं ते खरं, पण केजविनच्या आयुष्याचा नकाशा काढला आणि मला आणखी काही दिसलं. सेंट हेलेना, मुंबई, खांदेरी, सेंट किट्स. चारही बेटं. जिथे जिथे तो लढला, राज्य केलं, मेला, ते सगळं बेट. बेटावरच्या अधिकाऱ्याला निवड करायची मुभाच नसते. तट सांभाळायचा तर बाहेरचं पाणी सांभाळावं लागतं, आणि पाणी सांभाळायचं तर उतरायची जागा धरावी लागते. मायनाक भंडारीलाही तेच करावं लागलं. कान्होजींचं बळही बेटांवरचंच: कुलाबा, सुवर्णदुर्ग, खांदेरी. बखरवाचक, तुम्ही मायनाकाचं नाव घेतलंत तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. तुमचं बरोबर होतं.

तोफखाना

बेटाचं म्हणणं पटलं. आपल्या देशाची तिन्ही दलांची पहिली एकत्र कमांड कुठे उभी राहिली? 2001 मध्ये, अंदमान आणि निकोबारला. तिथे लष्कराचा माणूस, नौदलाचा माणूस आणि हवाई दलाचा माणूस एकाच कमांडर-इन-चीफच्या हाताखाली. आणि तिथे पोचणारे बरेच अधिकारी आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) एकाच मेसमध्ये तीन वर्षं एकत्र जेवलेले असतात.

अनघा ल.

जलदुर्गवेडा, सेंट हेलेनाचं एक राहिलं. केजविन जिथे उतरला ते प्रॉस्परस बे. त्याच्या वरच्या पठारावर आता विमानतळ आहे, 2017 पासून तिथे नियमित विमान येतं. तोवर बेटावर जायला जहाजच होतं. ज्या कड्यावर दोर टाकून चढावं लागलं त्याच्या डोक्यावरच आता माणसं विमानातून उतरतात.

गडफिरस्ता

आणि माझगावचं मला सुचलं. जिथे सिद्दीचं आरमार पावसाळ्यात येऊन बसायचं त्याच माझगावच्या गोदीत 'खांदेरी' पाणबुडी बांधली गेली. सप्टेंबर 2019 मध्ये नौदलात दाखल झाली. नाव आपल्या किल्ल्यावरूनच. आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यात खांदेरी आहे. मायनाकाने पावसात रचलेले दगड!

थळकर, आम्हाला खांदेरीला यायचं आहे. नेहमीच्या सहलीसारखं नको. दौलतखान निघाला त्या वेळी निघायचं. जमेल का? कोणत्या दिवशी यावं?

थळकर

जमेल. दिवाळीच्या आधीची वद्य अष्टमी धरा. आदल्या रात्री मुक्कामाला आमच्याकडेच या, सहा-सात जणांची सोय होईल. होडी माझ्या काकांची. चंद्र वर आला की पाण्यावर जायचं, मतलई असेल तर इंजिन बंद ठेवून थोडं शिडावर नेतो तुम्हाला. गारवा असतो, अंगावर काहीतरी घ्या. उतरताना पाय घसरतो, चपला नकोत. आणि वेताळाला नारळ लागतो, तो मी आणतो.

बखरवाचक

माझं नाव लिहा.

तोफखाना

माझंही. गुडघे दुखतात, पण होडीत बसायला गुडघे लागत नाहीत.